सगळ्या अरब देशांत व्हॉट्सॲप कॉल बंद? नाही

‘अरब देशांत व्हॉट्सॲप कॉल बंद आहेत, केला तर तुरुंग’ असा मेसेज नोकरीसाठी गल्फला निघालेल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. यात अर्धं सत्य आहे, तेही काही देशांपुरतंच.

अरब लीगमध्ये २२ देश आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. दुबई-अबुधाबीत, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, मेसेज, फोटो, व्हॉइस नोट बिनदिक्कत जातात. अडतो तो कॉल. इंटरनेटवरून फोनसेवा देण्याचा परवाना तिथे एतिसलात (आता ‘ई अँड’) आणि डू या कंपन्यांकडेच आहे. म्हणून घरी बोलायला लोक बोटिमसारखी मान्यताप्राप्त ॲप वापरतात. तेव्हा आईच्या फोनवरही बोटिम टाकूनच निघा. कॉल लागला नाही म्हणून कुणी पकडून नेत नाही. मात्र गुन्हा करण्यासाठी व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवून इंटरनेट वापरायची सोय) वापरला, तर ५ ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे.

सौदीने इंटरनेट कॉलवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवायला सुरुवात केली. मोरोक्कोत २०१६ च्या सुरुवातीला कॉल अडवले होते, त्याच वर्षअखेरीस सुरूही झाले. लेबनॉनची गोष्ट तर भारीच: ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने व्हॉट्सॲप कॉलवर दिवसाला २० सेंट कर लावायचं ठरवलं. आर्थिक संकटाने आधीच पिचलेले लोक रस्त्यावर उतरले. कर त्याच दिवशी मागे घेतला, पण आंदोलन थांबलं नाही आणि त्या महिनाअखेरीस पंतप्रधान साद हरिरींनी राजीनामा दिला.