सोलापुरात बसून क्रेमोनाच्या गप्पा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही ‘वय ७४, सध्या पुणे, मूळ साखर पेठ’ असं लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. राग मानू नका. तसे रागावलेले तुम्ही आधीच आहात.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इटलीतल्या क्रेमोना गावच्या स्ट्रॅडिव्हेरियससारख्या कारागिरांची तीनशे वर्षं जुनी व्हायोलिनं (त्यांना बनवणाऱ्याच्याच नावाने ओळखतात) आजच्या उत्तम व्हायोलिनांपेक्षा सरस वाजतात ही दंतकथा आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं : ‘ज्याने आयुष्यात स्ट्रॅडिव्हेरियस प्रत्यक्ष ऐकलं नाही त्याने सोलापुरात बसून क्रेमोनाच्या गप्पा मारू नयेत. डोळ्यांवर पट्टी बांधून संगीत कळत नसतं. मिरजेचा जुना तानपुरा आणि नवा तानपुरा शेजारी ठेवून बघा, मग बोला. आणि जगभरचे वादक त्यासाठी कोट्यवधी मोजतात, ते काय मूर्ख आहेत?’ शेवटी हेही की, त्यांच्या आजोबांचं एक व्हायोलिन घरात आहे आणि त्याच्या पोटात स्ट्रॅडिव्हेरियसचं लेबल आहे. त्या लेबलाकडे मी सावकाश येतो.

आधी कबुली. स्ट्रॅडिव्हेरियस मी समोर बसून ऐकलेलं नाही. रेकॉर्डिंगवर ऐकलंय, पण ते ऐकणं म्हणजे हुरड्याचा फोटो बघणं. आणि ‘दंतकथा’ हा शब्द जरा घाईचा होता, तो मागे घेतो. पण काका, माझा कान भरवशाचा नाही म्हणूनच मी माझ्या कानावर एक ओळही लिहिली नव्हती. ज्यांचे कान भरवशाचे, त्यांचं काय झालं तेवढंच सांगितलं होतं. लेखात ते दोन वाक्यांत उरकलं, ही माझी चूक. आता नीट सांगतो.

२०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला मोठी व्हायोलिन स्पर्धा होती. जगभरचे वादक आणि किमती वाद्यं एका गावात आलेली. क्लॉडिया फ्रिट्झ या फ्रेंच संशोधक आणि जोसेफ कर्टिन हे व्हायोलिन बनवणारे कारागीर, यांनी तिथे एका हॉटेलच्या खोलीत सहा व्हायोलिनं मांडली. तीन नवी. तीन जुनी : दोन स्ट्रॅडिव्हेरियस आणि एक ग्वार्नेरी देल जेसू या क्रेमोनाच्याच कारागिराचं. खोलीत अंधूक उजेड, वादकाच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यासारखे काळे गॉगल. एवढंच नाही, जुन्या लाकडाचा वास येऊन गुपित फुटू नये म्हणून हनुवटी टेकते त्या पट्टीखाली अत्तराचा थेंब. एकवीस वादक. घरी न्यायला कोणतं आवडेल, असं विचारल्यावर तेरा जणांनी नवं उचललं, आठांनी जुनं. सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. सतरा जणांना शेवटी विचारलं, हे तुम्ही निवडलेलं नवं की जुनं? सात म्हणाले सांगता येत नाही, सात चुकले, तिघांचं बरोबर आलं.

हे कुणी हौशी नव्हते. आणि इथे ऐकणाऱ्यापेक्षा मोठी गोष्ट ही की, वाद्य त्यांच्या स्वतःच्या हनुवटीखाली होतं. हाताला, हाडाला कंप जाणवत होता. तरीही कळलं नाही.

यावर हरकती घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त होत्या. हॉटेलची खोली म्हणजे सभागृह नव्हे. वेळ थोडा. जुन्या वाद्यांच्या मालकांनी तारा आणि आतली जुळणी हलवायला परवानगी दिली नव्हती. म्हणून २०१२ साली पॅरिसजवळ व्हँसेनला पुन्हा प्रयोग झाला. या वेळी दहा नावाजलेले एकल वादक आणि बारा वाद्यं, सहा जुनी, सहा नवी. पाऊण-एक तास नाही, प्रत्येकी सव्वा तासाच्या दोन बैठका, त्यातली एक तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात. गज ज्याचा त्याचा. दहापैकी सहांनी नवं निवडलं, आणि जुनं-नवं ओळखायला सांगितलं तेव्हा निकाल नाणं उडवून लागावा तसा लागला. मग राहिला तुमच्यासारख्या जाणत्या श्रोत्यांचा प्रश्न : वाजवणाऱ्याच्या कानाशी जे ऐकू येतं ते वेगळं, खरं स्ट्रॅडिव्हेरियस शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. तेही पॅरिस आणि न्यूयॉर्कला पडद्याआड वाजवून पाहिलं, २०१७ साली छापून आलं. श्रोत्यांना नवी वाद्यंच जास्त दूर पोचणारी वाटली.

एवढ्यावर ‘सगळी जुनी वाद्यं फोल’ असं म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा होईल. मूठभर वाद्यांवरून सगळ्यांचा न्याय होत नाही. स्ट्रॅडिव्हेरियसची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत, त्यात डावं-उजवं असणारच. माझा मुद्दा लहान आहे. तीनशे वर्षांनी येतो म्हणतात तो आवाज, नाव न सांगता या प्रयोगांत भरवशाने हुडकून काढता आलेला नाही. १९७७ साली बीबीसीने आयझॅक स्टर्न, पिंकस झुकरमन आणि लंडनचे प्रख्यात व्हायोलिन-व्यापारी चार्ल्स बेअर यांना पडद्याआडून चार व्हायोलिनं ऐकवली. चारपैकी दोनापेक्षा जास्त कुणालाच ओळखता आली नाहीत. दोघांनी तर आदल्याच वर्षी बनलेल्या व्हायोलिनला स्ट्रॅडिव्हेरियस ठरवलं. कान तयार व्हायला चाळीस वर्षं लागतात म्हणता. झुकरमन तेव्हा तिशीचाही नव्हता, हे खरं; पण या तिघांचे कान तयार नव्हते असं कोण म्हणेल?

पट्टी बांधून संगीत कळत नाही, हे मात्र मला पटत नाही. पट्टीने सूर बदलत नाही, आधीच ठाऊक असलेलं तेवढं झाकलं जातं. माझंच सांगतो. सरांकडे व्हायोलिन शिकत असताना एका गुरुपौर्णिमेला सगळे जेवून सुस्तावले होते, तेव्हा सरांनी आम्हा पाच जणांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागे तीन व्हायोलिनं पाळीपाळीने वाजवली. एक त्यांचं जुनं जर्मन, ज्याला आम्ही हात लावायला घाबरायचो. एक कोलकात्याचं. एक कुणा नव्या मुलाचं, पेटीसकट स्वस्तात आलेलं चिनी. तिन्हींवर तोच यमन, तेच दोन आलाप. मी ताठ मानेने दुसरं म्हणालो, ‘हे सरांचं, याला खोली आहे.’ ते चिनी निघालं. त्याच्या तारा आदल्या आठवड्यात बदललेल्या होत्या, एवढीच त्याची खोली. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. त्या हसण्यानंतर ‘खोली’ हा शब्द मी वाद्याबद्दल सहसा वापरत नाही.

आता मिरज. इथे तुम्ही मला माझ्याच अंगणात गाठलंत, कारण ज्या भोपळ्यातून मिरजेचा तानपुरा होतो तो भोपळा आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला. जुना तानपुरा गोड लागतो, मान्य. पण काका, तो गोडवा म्हाताऱ्या भोपळ्याचा किती आणि जवारीचा, म्हणजे तार टेकते त्या घोडीच्या घासणीचा, किती? घोडीचा माथा तारेने झिजतो, तिथे खाच पडते, आवाज मरतो. मग कारागीर ती पुन्हा घासतो, दोरा सरकवून बघतो, कान देतो, पुन्हा घासतो. जुना तानपुरा ‘जुना’ राहतच नाही. दर काही वर्षांनी कुणा जाणत्या हाताने त्याला नवा केलेला असतो. ज्याला असा हात मिळाला नाही तो शंभर वर्षांचा तानपुरा माळ्यावर पडलाय आणि त्याची कुणी तारीफ करत नाही. चांगले तेवढे जपले जातात, मग आपण म्हणतो, जुने सगळे चांगले होते. (लग्नाच्या जेवणांबद्दलही लोक असंच बोलतात.)

क्रेमोनाच्या वाद्यांचं हेच झालंय. स्ट्रॅडिव्हेरियस १७३७ साली वारला. त्याच्या हातून गेलेलं व्हायोलिन आज जसं आहे तसं त्याने कधी ऐकलेलंच नाही. एकोणिसाव्या शतकात सभागृहं मोठी झाली, सुरांची पट्टी चढली, तारांचा ताण वाढला. मग जवळजवळ प्रत्येक जुन्या व्हायोलिनची मान बदलली, लांब आणि मागे झुकती केली, आतला बास-बार (वरच्या फळीला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) काढून जाड बसवला. तारा तेव्हा आतड्याच्या होत्या, आता पोलादाच्या किंवा कृत्रिम धाग्यावर धातू गुंडाळलेल्या असतात. लाकडाची खोकी तेवढी त्याची. ती खोकी अर्थातच कमालीच्या हाताची आहे, त्यावर वाद नाही. तिच्या कमानीचा आणि जाडीचा आदर्श आजचे कारागीरही गिरवतात, आणि नवी व्हायोलिनं इतकी चांगली होण्याचं मोठं कारण तेच आहे.

जुनं लाकूडच वेगळं, असं कुणी म्हटलं तर ते बरोबर आहे, निदान अर्धं. तैवानच्या संशोधकांनी स्ट्रॅडिव्हेरियसच्या वाद्यांतल्या मेपल लाकडाचे कण तपासले, तेव्हा त्यातलं हेमिसेल्युलोज (लाकडाचा एक घटक) बऱ्यापैकी विघटित झालेलं दिसलं आणि ॲल्युमिनियम, तांबं, जस्त अशी खनिजंही सापडली, म्हणजे लाकडावर काही प्रक्रिया केलेली असावी. लाकूड वेगळं आहे. वेगळं म्हणजे गोड, ही उडी मात्र आपण मारतो. त्या काळातल्या कडाक्याच्या थंडीने झाडं सावकाश वाढली, हा तर्कही आहे. वॉर्निशच्या गुपिताचं मात्र पॅरिसमधल्या तपासणीत तेल, राळ आणि काहींत रंगद्रव्यं एवढंच निघालं, म्हणजे त्या काळचे कारागीर आणि चित्रकार वापरायचे तेच.

राहिले कोट्यवधी. २०११ साली १७२१चं ‘लेडी ब्लंट’ नावाचं स्ट्रॅडिव्हेरियस लिलावात ९८ लाख पौंडांना गेलं आणि ते पैसे जपानच्या भूकंपग्रस्तांना दिले गेले. ते विकलं एका प्रतिष्ठानने. ही वाद्यं बहुतेक प्रतिष्ठानं, बँका आणि संग्राहक विकत घेतात आणि वादकांना वापरायला देतात. त्यामुळे मूर्ख कोण हा प्रश्न वादकांना लागूच होत नाही. आणि मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते ‘मसीहा’, १७१६चं, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात काचेमागे ठेवलेलं. जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध स्ट्रॅडिव्हेरियस, कारण ते नव्यासारखं आहे, आणि नव्यासारखं आहे कारण ते फारसं वाजवलंच गेलं नाही. त्याच्या कीर्तीत आवाजाचा वाटा किती, तुम्हीच सांगा. उलट ख्रिस्तियान टेट्झलाफसारखा आजचा अव्वल वादक श्टेफान-पेटर ग्राइनर या हयात कारागिराच्या व्हायोलिनवर जगभर वाजवतो.

एक गोष्ट मी मागच्या लेखात विसरलो होतो, ती तुमच्यामुळे आठवली. हातात स्ट्रॅडिव्हेरियस आहे हे माहीत असलेला वादक कदाचित खरंच जास्त चांगला वाजवत असेल. त्याला धीर येत असेल, तो वाद्याकडून जास्त मागत असेल. हे खोटं नाही. फक्त तो गुण लाकडात नाही, माणसात आहे.

आणि आपल्याकडे तर हा सगळा वाद बराचसा परका आहे. आपण व्हायोलिन मांडी घालून, पायावर टेकवून, सा-प-सा-प लावून, उतरत्या पट्टीत वाजवतो. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम असला की आवाज आधी माइकमध्ये, तिथून मिक्सरवर बसलेल्या मुलाच्या हातात, मग भिंतीवरच्या स्पीकरमधून तुमच्याकडे येतो. पहिल्या पंधरा मिनिटांत तो मुलगा जे बिघडवतो ते कोणत्याही क्रेमोनाला दुरुस्त करता येणार नाही. जोग, दातार, एन. राजम या व्हायोलिनवादकांच्या मींडेवर (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर) जीव टाकणारी माणसं आपण दोघांनीही पाहिलीत. त्यांच्यापैकी कुणी ‘वाद्य कोणत्या सालचं?’ असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता तुमच्या आजोबांचं व्हायोलिन. ते जुन्या मिलमध्ये कारकून होते, पगारातून साठवून मुंबईहून व्हायोलिन आणलं, असं तुम्ही लिहिलंय. लेबलवर लॅटिनमध्ये ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस’, खाली ‘१७’ छापलेलं आणि पुढचे दोन आकडे शाईने. काका, असं लेबल लाखो व्हायोलिनांत आहे. जर्मनीत मार्कनॉयकिर्शनला, फ्रान्समध्ये मिरकूरला कारखान्यासारखी व्हायोलिनं व्हायची, आणि ‘स्ट्रॅडिव्हेरियसच्या नमुन्याबरहुकूम’ अशा अर्थाने ते लेबल चिकटवलं जायचं. खिशातला टॉर्च इंग्रजी एफसारख्या भोकातून तिरका मारून लेबलच्या खालच्या कडेला बघा. ‘जर्मनी’ किंवा ‘मेड इन जर्मनी’ अशी बारीक छपाई दिसली, तर वाद्य बहुधा १८९०नंतरचं, कारण त्या वर्षीच्या अमेरिकी जकात कायद्याने मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. नाही दिसली तरी फार आशा धरू नका. पण त्या कारखान्यांतली काही वाद्यं फार छान वाजतात. सरांचं त्यांतलंच होतं.

तुम्ही लिहिलंय की ते हलवलं की आत काहीतरी खडखडतं आणि म्हणून तुम्ही ते वाजवायला घेत नाही. बहुतेक साउंडपोस्ट पडलाय. पेन्सिलीएवढ्या जाडीची स्प्रूस लाकडाची काडी, वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसती दाबाने उभी असते, चिकटवलेली नसते. फ्रेंच लोक तिला ‘आत्मा’ म्हणतात. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती पडू शकते. आपल्या एप्रिल-मे महिन्यात लाकूड आकसलं तरी पडू शकते. ती पुन्हा उभी करायला जाणत्याला अर्धा तास पुरतो, आणि केसभर सरकवली तरी आवाज बदलतो, तीनशे वर्षांनी बदलत असेल त्याहून जास्त.

तोवर तारा तशाच, ढिल्या राहू द्या, ताणू नका. आधाराशिवाय वरची फळी खचते. कुठे जोड उकललेला दिसला तर फेव्हिकॉल अजिबात लावू नका. तिथे कातड्या-हाडांपासूनचा सरसच लागतो, म्हणजे पुढच्या वेळी लाकूड न फाटता जोडच सुटेल. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला येणार म्हणालात, तेव्हा घेऊनच या. तानपुऱ्याची जवारी काढणारे एक मिरजेचे गृहस्थ त्या दिवसांत माझ्याकडे उतरतात, त्यांच्याकडे साउंडपोस्ट बसवायची वाकडी सळई आहे. लेबल आत राहू द्या, खरवडू नका. आजोबांनी ते वाचूनच घेतलं असणार.