‘नळी आवळतेच’ म्हणून गोळ्या सोडू नका

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘अन्ननलिकेतली गाठ दुर्बिणीतून काढू नका. काढली की नळी आवळतेच. मग फुगा घालून घालून डॉक्टर पैसे काढतात. नळी आवळू नये म्हणून देतात त्या स्टिरॉइडच्या गोळ्या विष आहेत, त्या बंद करून कोमट तूप-हळद घ्या. त्यापेक्षा ऑपरेशन करून नळीच काढलेली बरी.’ (फुगा म्हणजे दुर्बिणीतून नळीत घालून ती आतून ताणून रुंद करायचं साधन.)

पाठवणाऱ्यांत एक तात्या होते. वय साठीच्या पुढं, चाळीस वर्षांची तंबाखू. शहरात त्यांची अन्ननलिकेच्या कॅन्सरची सुरुवातीची गाठ दुर्बिणीतून निघाली होती. चौथ्या आठवड्यात ते गोळ्यांची उरलेली पाकिटं परत करायला दुकानात आले. “आवळायचीच हाये तर कशाला खायच्या?” म्हणाले. त्या दिवशी ठरवलं, एकेका मुद्द्याला उत्तर लिहायचं.

आधी ‘आवळतेच’ हा शब्द. दुर्बिणीतून गाठ काढायच्या, ईएसडी म्हणतात त्या पद्धतीत गाठीसकट नळीचा आतला थर सोलून काढतात, आणि मागं उघडी जखम राहते. भाजलेल्या कोपराची कातडी भरताना आखडते आणि हात सरळ होत नाही, हे आपण पाहिलेलं आहे. नळीतही तेच होतं, फक्त इथं व्रण गोल असतो, त्यामुळं आखडला की वाटच अरुंद होते. पण किती आखडेल हे जखमेच्या रुंदीवर आहे. नळीच्या घेराच्या अर्ध्याहून कमी भाग सोलला असेल तर त्रास क्वचित होतो. पाऊण घेर किंवा त्याहून जास्त गेला आणि काहीच उपाय केला नाही, तर बहुतेकांची नळी आवळते. पूर्ण घेर गेला तर जवळपास सगळ्यांचीच. म्हणजे मेसेज ज्यांच्याबद्दल बोलतो ते रुग्ण आहेत, पण सगळे नाहीत, आणि त्यांच्यासाठीही ‘उपाय नाही’ हे खोटं आहे.

तो उपाय म्हणजेच ज्याला विष म्हटलंय ते स्टिरॉइड. जखम भरताना शरीर तिथं चिवट तंतू विणतं. स्टिरॉइड ती सूज आणि विणकाम दोन्ही मंदावतं, तोवर बाजूची निरोगी त्वचा सरकत येऊन जखम झाकते. जपानमधल्या नागासाकीच्या डॉक्टरांनी पाऊण घेराहून मोठ्या जखमांवर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि २०११ मध्ये निकाल छापला. तिसऱ्या दिवसापासून रोज ३० मिलिग्रॅम, मग पायरीपायरीनं कमी करत आठ आठवड्यांत बंद. गोळ्या घेतलेल्या १९ जणांपैकी एकाची नळी आवळली. गोळ्यांऐवजी नळी आवळण्याआधीपासूनच फुगा घालत राहिलेल्या २२ जणांपैकी सात जणांची. त्या गटात फुगा सरासरी १५ वेळांच्या वर घालावा लागला, तो गोळ्यांच्या गटात दोनहून कमी वेळा लागला. अभ्यास लहान होता, आणि पूर्ण घेराच्या जखमेत कधीकधी गोळ्याही कमी पडतात. पण ‘विष’ म्हणणाऱ्यानं हे आकडे पाहिलेलेच नाहीत. काही ठिकाणी गोळीऐवजी ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन दुर्बिणीतूनच जखमेच्या तळाशी देतात. ते स्नायूत खोल गेलं तर नळीला भोक पडू शकतं, म्हणून ते सरावलेल्या हाताचं काम आहे.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. साखर वाढते, दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो, कावीळ ‘बी’ असेल तर तीही उसळू शकते. आपल्या भागात मधुमेह आणि टीबी घरोघर दिसतात, म्हणून गोळी सुरू होण्याआधी ‘मला शुगर आहे, घरात टीबी होऊन गेलाय’ हे तोंडानं सांगायचं. आणि काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडायचं नाही. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर मंदावलेलं असतं. माणूस गळून जातो, बीपी उतरतो. तात्यांना मी हेच सांगितलं, पाकिटं परत घेतली नाहीत, आणि दुकानातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

तूप-हळदीबद्दल थोडक्यात. तूप नळीतून काही सेकंदांत खाली उतरतं. आखडणं चालतं ते जखमेच्या तळाशी. मऊ भातावर तूप घ्यायला ना नाही, गोळीच्या जागी मात्र नाही.

फुग्याचा राग मला कळतो. हिंगोलीहून किंवा किनवटहून संभाजीनगरला एक खेप म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. पण फुगा हा मुळात आवळलेल्या नळीवरचा उपाय आहे, आणि तोही निर्धोक नाही, ताणताना नळी फाटू शकते. खेपा नको असतील तर त्या वाचवणारी गोष्ट गोळीच आहे, जी हा मेसेज सोडायला लावतो.

‘नळीच काढा’ हे सांगणाऱ्यानं ते ऑपरेशन पाहिलेलं नसावं. छाती-पोट उघडून अन्ननलिका काढतात आणि जठर वर ओढून तिच्या जागी जोडतात. गाठ खोल गेली असेल तर ते किंवा केमो-रेडिएशन करावंच लागतं, कारण मग कॅन्सर आजूबाजूच्या लसीकाग्रंथींमध्ये (लिम्फ नोड) पसरण्याची भीती असते. वरच्या थरातल्या गाठीसाठी मात्र नळी वाचवता येते. आपल्याकडं बहुतेक लोक ज्वारीची भाकरी अडायला लागल्यावर येतात, तेव्हा उशीर झालेला असतो. ज्याची गाठ त्याआधी सापडली, त्याला या मेसेजनं घाबरवणं मला सहन होत नाही.

आणखी एक भीती लोक मेसेजच्या खाली लिहितात: नळी आवळली म्हणजे कॅन्सर परत आला. दोन ते चार आठवड्यांत आवळणारी नळी बहुधा व्रणाची असते. तरी ठरलेल्या तारखांना दुर्बीण चुकवायची नाही, कारण उरलेल्या नळीत नवी गाठ येऊ शकते, तंबाखू चालू असेल तर जास्तच.

तात्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू केल्या. त्यांच्या सुनेला मी कागदावर लिहून दिलंय: काल दुधात कुस्करून गेलेली भाकरी आज अडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा.