डबीवरची बारीक अक्षरं

देश सोडून 17 वर्षं झाली, तरी माझ्या स्तनातल्या गाठीचं निदान झाल्यावर वाद पेटला तो तिकडे, घरच्या ग्रुपवर. काका म्हणे, केमोचं विष घेऊ नकोस, वनस्पतीच घे. डॉक्टर भाचा म्हणे, मावशी, तो पालापाचोळा आधी कचऱ्यात टाक. दोन दिवस जुंपली होती. मी कोणतं औषध घेणार आहे, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही.

विचारलं इथल्या फार्मासिस्टनं. स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेन ही गोळी सुरू होताना तिनं घरातल्या सगळ्या डब्या आणायला सांगितल्या. त्यात आत्यानं पाठवलेल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलही होत्या. ती हसली नाही, रागावली नाही. बारीक अक्षरं वाचत गेली आणि पिपरीनवर बोट ठेवलं. हळदीतलं मुख्य द्रव्य, कर्क्युमिन, अंगी लागावं म्हणून मिऱ्यातला हा घटक त्यात घालतात. टॅमॉक्सिफेनचं यकृतात एंडॉक्सिफेन होतं आणि बरंचसं काम तेच करतं. नेदरलँड्समधल्या 2019च्या एका अभ्यासात, अवघ्या 16 रुग्णांच्या, कर्क्युमिनबरोबर रक्तातलं एंडॉक्सिफेन घटलं. पिपरीन जोडल्यावर जास्त, 12 टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटतो. पण जिची पातळी मुळात काठावर आहे, तिनं काय करायचं? मी कॅप्सूल थांबवल्या.

काकांना मी सांगितलं, तुमच्या त्या 'विषा'तलं पॅक्लिटॅक्सेल यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलंय, आणि व्हिनोरेल्बिन सदाफुलीतल्या द्रव्यापासून बनतं. सालीचा नमुना घेतला 1962 साली. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली 1994 साली. मधल्या काळात नेमका रेणू हाती आला, तो पेशीत काय करतो ते कळलं, मात्रा ठरली. आत्याच्या डबीमागे यातलं काय आहे?

भाच्याचा तोराही मला पटत नाही. आर्मेनियात 150 स्त्रियांवर चाचणी झाली, 2020 साली प्रसिद्ध झाली. पॅक्लिटॅक्सेलला कर्क्युमिनची जोड दिलेल्यांपैकी 51 टक्क्यांना उपचार लागू पडला, नुसत्या पॅक्लिटॅक्सेलवाल्यांत 33 टक्क्यांना. मात्र ते कर्क्युमिन शिरेतून दिलं होतं, बरं का. तोंडानं घेतलेलं रक्तात फारसं पोचतच नाही. एका चाचणीवर नाचू नये, पण तिला पालापाचोळाही म्हणू नये.

इथेही सगळं आलबेल नाही. माझे ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कर्करोगाचे डॉक्टर, दहा मिनिटं देतात, त्यात 'बाकी सगळं बंद' एवढंच सांगतात. मग बायका डब्या पर्समध्येच ठेवतात. मीही दोन भेटींत ठेवली होती. ग्रुपवर भाच्याला भिऊन गप्प बसणाऱ्या बायकांत आणि आमच्यात काय फरक?

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. वाटलं, रागावेल. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुझ्या त्या बाईला विचार गं, रक्त पातळ व्हायच्या गोळीबरोबर चालतात का? मीही घेते ना त्याच."