वक्र जुळला म्हणजे उत्तर मिळालं का?

राजेंद्रनगरच्या काकांना नमस्कार,

मागच्या लेखात मी एकाच पातळ थरावरून क्ष-किरण आणि न्यूट्रॉन दोन्ही परावर्तित करून, कोन बदलताना तीव्रता कशी बदलते त्याचे दोन वक्र एकाच मॉडेलने जुळवले होते. त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. इंदूरमध्ये इंडस हा क्ष-किरणांचा स्रोत (सिंक्रोट्रॉन) असताना त्याच पातळ थरासाठी न्यूट्रॉन हवेत म्हणून मुंबई गाठणं ही लोकांच्या पैशाची उधळपट्टी, हा पहिला. आणि पॅरामीटर (मॉडेलमधले बदलता येणारे आकडे) भरपूर असले की कुठलाही वक्र जुळवता येतो, मग दोन जुळवून तरी काय सिद्ध झालं, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. इंडस-1 आणि इंडस-2 मध्ये इलेक्ट्रॉन फिरतात. त्यांच्यापासून क्ष-किरण मिळतात, न्यूट्रॉन नाही. त्यासाठी ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टीच लागते.

दुसरा मात्र मला लागला, कारण तो बराचसा खरा आहे. डिटेक्टर परावर्तित किरणांची फक्त तीव्रता मोजतो, फेज, म्हणजे लाट चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, हातून जाते. त्यामुळे अगदी वेगळ्या दोन रचना जवळपास सारखाच वक्र देऊ शकतात. एकूण जाडी त्यातल्या त्यात भरवशाची: फ्रिंजमधलं, म्हणजे वक्रावरच्या लागोपाठच्या चढ-उतारांमधलं, अंतर (कोन आणि तरंगलांबीवरून काढलेल्या मापात) 0.021 प्रति अँगस्ट्रॉम आलं की थर साधारण 30 नॅनोमीटरचा. पण सीमेवर ऑक्साइड बसलाय की दोन धातू एकमेकांत मिसळलेत, हे एकट्या वक्रावरून सांगताना मन मानेल तसं फिटिंग होतं.

आता लोखंडाचंच घ्या. साधं लोखंड आणि लोह-57 (लोखंडाचाच थोडा जड समस्थानिक) यांचे थर एकाआड एक चढवले, तर क्ष-किरणांना सगळा एकसंध लोखंडाचा थर दिसतो, कारण दोन्ही अणूंत इलेक्ट्रॉन 26च. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात. साध्या लोखंडाची विखुरण-लांबी (अणुकेंद्र न्यूट्रॉनना किती जोरात विखुरतं त्याचं माप) 9.45 फेम्टोमीटर, लोह-57ची जेमतेम 2.3. तिथे थरांच्या ठराविक अंतरामुळे येणारं ब्रॅग शिखर ठळक उभं राहतं. सॅम्पल तापवलं की ते खचत जातं, आणि लोखंडाचे अणू लोखंडातच किती सरकले ते त्यावरून मोजता येतं. नेहमीचे क्ष-किरण कितीही प्रखर केले तरी हे दिसायचं नाही. उलट पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि वरचा ऑक्साइड क्ष-किरणच बारकाईने पकडतात. दोन्ही वक्रांना जाडी आणि खडबडीतपणा एकच द्यायचा, ही अट घातली की पॅरामीटर दुप्पट होत नाहीत, आणि एका वक्रावर सहज खपलेलं मॉडेल दुसऱ्यावर आपटतं.

अर्थात सॅम्पल तेच असेल तर! 0.3 अंशाच्या कोनात 0.1 मिलिमीटरचा किरणसुद्धा सॅम्पलवर 19 मिलिमीटर पसरतो. न्यूट्रॉन तर मुळातच कमी, म्हणून त्यांना मोठा तुकडा हवा. एकदा मी क्ष-किरणांसाठी कडेचा लहान तुकडा आणि न्यूट्रॉनसाठी मधला मोठा तुकडा वापरला. थर कडेला पातळ बसला होता. वक्र काही केल्या एकत्र जुळेनात, त्यात दोन आठवडे गेले. तेव्हापासून तुकडा एकच ठेवतो, आणि न्यूट्रॉनच्या आधी व नंतर, दोन्ही वेळा क्ष-किरणांखाली घालतो. मधल्या काळात ऑक्साइड वाढला असेल तर तो तिथे कळतो.

त्या लेखात मी फक्त शेवटचं फिटिंग दाखवलं, तिथे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. बाद झालेली मॉडेलं, दोन्ही वक्रांवर ती कुठे हुकली त्यासकट, या रविवारी त्याच लेखाखाली जोडतो.