‘वकिलाशी वैर नको’ म्हणणाऱ्यांना

मावशीच्या वकिलाविरुद्ध तक्रार करतोय, म्हणून सकाळी सकाळी मामाचा फोन. "अरे, वकिलाच्या वाटेला कोण जातं का? सोडून दे." तेव्हापासून डोकं फिरलंय. पोस्ट लांब आहे, कंटाळा असेल तर पुढे सरका.

मावशीचं प्रकरण जवळच्यांना माहीत आहे. प्लॉटचं साठेखत झालं, इसार दिला, मालक खरेदीखत करून देईना, म्हणून दावा लावला. वकीलसाहेब फोनवर सांगायचे, "मावशी, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? पुढची तारीख पडलीय." तारखेगणिक फी गुगल पेवर बिनबोभाट जात होती. शेवटी मी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारखेगणिक नोंदींची, नक्कल काढली. त्यात लिहिलेलं: वादी व वादीचे वकील वारंवार पुकारा करूनही गैरहजर, सबब दावा काढून टाकण्यात येतो. त्यानंतरही साहेब तारखा देतच होते! मेलेल्या दाव्याच्या तारखा, आणि त्यांची फी!

असा दावा पुन्हा फाइलवर घ्यायचा तर ३० दिवसांत अर्ज लागतो. ते कधीच उलटले. आता सोबत विलंब माफीचा अर्ज, त्यासाठी नवा वकील. नवा म्हणतो, आधी जुन्यांची एनओसी (ना-हरकत) आणा. जुने म्हणतात, बाकी भरा, मग कागद न्या. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. तालुक्याच्या बाररूममध्ये हे बोलून बघा, कसे बघतात तुमच्याकडे.

मित्रांचा सल्ला, ग्राहक मंचात जा. बाबांनो, ते दार मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केलं. डॉक्टरवर १९९५ पासून ग्राहक मंचात जाता येतं, वकिलावर नाही. का, तर वकिलाच्या कामावर पक्षकाराचा बराच ताबा असतो म्हणे. माझ्या मावशीचा ताबा! जिला दावा निकाली निघालाय हेच कुणी सांगितलं नाही, तिचा!

हरल्यावर वकिलाच्या नावाने खडे फोडणारेही असतात, मान्य. पण हरायला आधी उभं राहावं लागतं. आणि हो, सगळे तसे नसतात. एनओसीबिनोसी न मागता वकीलपत्र घेणाऱ्या एक ताई भेटल्याच की. त्यांनी ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) टाकला आणि दाव्याची सगळी कुंडली मोबाइलवर दाखवली. मावशी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे हे मला घरबसल्या दिसलं असतं?"

उरला एक रस्ता. ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५, तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांना सनद देणाऱ्या संस्थेकडे. गावातल्या वकील संघाकडे नाही, तिथे फक्त चहा मिळतो. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद (वकिलीचा परवाना) काही काळ निलंबित करू शकते, वकिलांच्या पटावरून नावही काढू शकते. वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. वकिलांचा न्याय वकीलच करणार, हे मलाही खटकतं. पण दुसरं आहे काय? बुडालेल्या पैशांसाठी वेगळा दिवाणी दावा. निष्काळजीपणासाठी वकिलावर दावा लावता येतो, १९२६ पासून तसा कायदा आहे. म्हणजे पुन्हा कोर्ट, पुन्हा वकील, पुन्हा तारखा.

मावशी मात्र वेगळंच बोलते. "त्याची पोरं शिकतायत रे. सनद गेली तर?" यावर मला काही बोलता येत नाही. ज्या माणसाने हिला बुडवलं, त्याच्या पोरांच्या फीची काळजी हिला! सनद जावी असं मलाही वाटत नाही खरं तर. निदान एकदा समितीपुढे उभं राहून त्याने सांगावं, दावा गेल्यावर तारीख कुठून आणत होतास?

प्रतिज्ञापत्र तयार आहे. रोजनाम्याची नक्कल आणि गुगल पेचे स्क्रीनशॉट जोडलेत, मावशीची सही तेवढी बाकी. कौन्सिलपुढे अशी तक्रार चालवलेलं कुणी ओळखीत असेल तर इनबॉक्समध्ये या. ‘आपसात मिटवून घ्या’वाल्यांनी कॉमेंट करू नये, उडवणार आहे.