सबवूफर सोफ्यावर, मालक जमिनीवर

नवा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकरचा डबा, घरात आला की सोफ्यावरची आपली जागा त्याला द्यावी लागते. बेस गिटारचं एखादं गाणं पुन्हा पुन्हा लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे सगळे खालचे सूर सारखे ऐकू येतील, तिथे डब्याची जागा. रांगणारा मोठा माणूस रुबाबदार दिसत नाही, म्हणून मी हे दार लावून करतो. पण टाळत नाही, कारण पुढची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

खरी खोडी खोलीची असते. पाच मीटर लांबीच्या खोलीत साधारण 34 हर्ट्झचा सूर दोन भिंतींत अडकतो: भिंतींपाशी गडगडाट, बरोबर मध्यावर शुकशुकाट. सोफा नेमका त्या मध्यावर असेल तर रूम करेक्शनही (सगळे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरमधली, माइकने खोली मोजून आवाज सुधारणारी सोय) हात टेकतं. ते गडगडाटाची टेकाडं छान कापतं, शुकशुकाटाचे खड्डे मात्र भरत नाही. तिथे 10 डेसिबल वाढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट ताकद काढायची, आणि खड्डा बहुधा खड्डाच. त्यापेक्षा सोफा हातभर सरकवा.

आता सबवूफरच्या मागची बटणं. क्रॉसओव्हर, म्हणजे किती हर्ट्झच्या वरचे सूर गाळायचे ते ठरवणारं बटण, पूर्ण वर, नाहीतर रिसीव्हर आणि सबवूफर दोघेही गाळण लावतात आणि बेसचा चहा व्हायच्या आधीच चोथा होतो. गेन, म्हणजे सबवूफरच्या आवाजाचं बटण, निम्म्यावर. मोजणीनंतर रिसीव्हरने सबवूफरची पातळी थेट उणे 12 डेसिबल दाखवली, तर त्याला अजून खाली जायचं होतं पण जिनाच संपला, असं समजावं. (बऱ्याच रिसीव्हरांचा तळ तोच.) गेन कमी करून मोजणी पुन्हा.

मोजणीचा माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवला तर तो उशीचं मत कळवतो. पंखा बंद, घरचे गप्प. यंत्र सहा-आठ जागी तेच 'ऊऽऽईप' म्हणत राहतं आणि दाराची बेल नेमकी सातव्या जागी वाजते.

निकाल वाचताना दोन गोष्टी. तीन मीटरवरचा सबवूफर साडेचार मीटरवर दिसला तर फीत घेऊन भांडू नका. डब्यातल्या सर्किटला लागणारा उशीरही रिसीव्हर अंतरातच धरतो. आकडा तसाच ठेवा. मात्र त्याने बाकीचे स्पीकर 'लार्ज', म्हणजे सगळा बेस स्वतः पेलणारे, ठरवले असतील तर तो मान काढून घ्या: 'स्मॉल', 80 हर्ट्झ, म्हणजे त्याखालचं सगळं सबवूफरकडे.

इतकं झाल्यावर सगळं सपाट, बिनचूक आणि अळणी लागतं. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो, म्हणून सबवूफर 3 ते 5 डेसिबल वाढवण्यात मला काहीच पाप वाटत नाही. वाढवा ते रिसीव्हरमधून, म्हणजे परतीचा आकडा लक्षात राहतो. एका वेळी एकच डेसिबल, मग दोन-चार दिवस ऐकणं. परीक्षेला सिनेमातले स्फोट नकोत, ते फुटक्या डब्यावरही दणकतात.

तरीही एक घरघर उरतेच. 20 ते 80 हर्ट्झचा सूर सावकाश चढवत नेला की चाळीसच्या आसपास कळतं, सबवूफर निर्दोष आहे. भिंतीवरचं घड्याळ गातंय. त्याच्यामागे फेल्टचा तुकडा चिकटवा. आणि मग कपाटाचं दार.