लाईट खाणारं घोडं

साडूभाऊंचं म्हणणं असं की आपण घर घेऊन फिरायला निघालोय, आणि घर घेऊन कुणी दूध आणायला जातं का?

घर म्हणजे त्यांनी पुण्याहून भाड्याने आणलेली कॅम्पर व्हॅन. आत दोन पलंग, ओटा, फ्रीज, आणि ज्याच्याबद्दल आमच्या हिने धुळ्यातच "मी नाही वापरणार" असं जाहीर करून टाकलं तो संडास. ही असली गाडी एकदा लावली की लावली. टायरखाली लाकडी ठोकळे घालून लेव्हल करायची, नाहीतर रात्रीतून सगळे झोपेत घरंगळत एकाच भिंतीला जमा होतात, मग बाजूचं छप्पर ओढायचं, खुर्च्या मांडायच्या, शेगडी बाहेर काढायची, तासभर जातो ह्यात, आणि सगळं मनासारखं झालं की आतून आवाज येतो साखर आणलीच नाही. अमेरिकेत म्हणे लोक ह्यासाठी गाडीच्या मागे अख्खी कार बांधून ओढत नेतात. साडूभाऊंनी मागे दोन इलेक्ट्रिक सायकली बांधून आणल्या होत्या.

जायचं होतं सातपुड्यातल्या तोरणमाळला. डिसेंबर महिना, भरताची वांगी ऐन भरात, तेव्हा तलावाकाठी भरीत पार्टी करायची हे माझ्या डोक्यातलं. आणि भरीत म्हटलं की वांगी पऱ्हाट्यांवरच भाजली पाहिजेत, गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणत नाही, ते वांग्याचं सूप. तिथे जंगलात लाकडं तोडायची नसतात म्हणून मी शेतातून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची चांगली मोठी मोळी आणली आणि गाडीच्या टपावर सुतळीने घट्ट बांधून टाकली. ही मोळी लक्षात ठेवा.

दोंडाईचाच्या अलीकडे हवालदाराने गाडी बाजूला घेतली.

"ह्या सायकलींना नंबर नाही?"

साडूभाऊ तयारीतच होते. २५० वॅटच्या आतली मोटर आणि २५ च्या आत स्पीड असला की नंबर लागत नाही, लायसन लागत नाही, नियमच आहे साहेब.

"बरं. मग गाडीचा नंबर कुठे?"

तो सायकलींच्या मागे होता. मग भर उन्हात एकेक २४ किलोची सायकल उतरवून आम्ही साहेबांना नंबराचं दर्शन घडवलं आणि परत चढवली. माझी कंबर तिथेच एकदा बोलली.

पुढे सारंगखेड्याला तर दत्तजयंतीची यात्रा. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं, पण घोडेबाजाराच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी चाललेली, तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक बाबा मागे येऊन सायकलींवरून हात फिरवायला लागले, अगदी घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"हाई काय शे भो?"

"इलेक्ट्रिक सायकल शे बाबा."

"काय खास?" म्हणजे काय खातं.

"लाईट."

"कितलं चालस?"

"चाळीस किलोमीटर. मंग पाच तास चार्जिंग."

बाबांनी टायर दाबून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आसं घोडं फुकट बी नको रे भो." आणि गेले. साडूभाऊंना अहिराणी कळत नाही, त्यांनी विचारलं काय म्हणाले? मी म्हटलं, आवडली त्यांना.

तोरणमाळचा पहिला दिवस मात्र खरंच झकास गेला हे कबूल करतो. ११०० मीटरच्या वरचं पठार, मस्त गारवा, यशवंत तलावाच्या बाजूने सायकल अशी जाते की पॅडल नुसतं दाखवायला मारायचं, कानाला वारा, घामाचा थेंब नाही. सीताखाईपर्यंत जाऊन आलो. हिने साडीचा पदर खोचून चक्कर मारली, मेहुणीने दोन मारल्या. मी साडूभाऊंना म्हटलंसुद्धा, मानलं तुम्हाला.

रात्री दोन्ही बॅटऱ्या गाडीत चार्जिंगला लावल्या. दोनच्या सुमारास इन्व्हर्टर टीं टीं टीं करायला लागला. आधी वाटलं कुणाचा मोबाईल. मग फ्रीज बंद, पंप बंद, आणि अंधारात मेहुणीचा आवाज, "दाजी, सगळं गेलं."

त्याचा हिशोब मी नंतर हॉटेलच्या बिलामागे मांडून पाहिला. सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची, म्हणजे ३६० वॅट-अवर, दोन मिळून ७२०. गाडीतली १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची, म्हणजे दिसायला १८००, पण लेड ॲसिडच्या बॅटरीतून निम्म्याच्या वर काढू नये म्हणतात, उरले ९००. त्यात फ्रीज, लाईट, पाण्याचा पंप, आणि इन्व्हर्टर स्वतःच वाटेत दलाली खातो. सायकली घराचं सगळं खाऊन बसल्या होत्या आणि तरी अर्धपोटीच.

सकाळपर्यंत दूध फाटलं.

"टपावर सोलर आहे ना," साडूभाऊ निवांत. "एवढं कडक ऊन, दुपारपर्यंत टकाटक." दुपारचे तीन वाजले, आकडा काही हलेना. मी पुण्याच्या भाड्याच्या गाड्यांवर, चायना मालावर आणि एकूणच साडूभाऊंच्या खरेदीवर बरंच बोललो. चहावाचून माणूस बोलतो.

शेवटी चार वाजता सायकलींच्या बॅटरीत होतं तेवढ्यावरच, म्हणजे पाचातल्या दोन काड्यांवर, आम्ही दोघं दूध आणायला निघालो. दुकान जवळच होतं. दूध संपलं होतं. संध्याकाळी येईल म्हणाला. आता नुसतं बसून काय करायचं, तर साडूभाऊ म्हणाले तोवर घाटात थोडं खाली जाऊन सूर्यास्त बघू, उतारच आहे, बॅटरी लागणारच नाही, उलट उतारावर भरते ती.

सात पायरीचा घाट आहे तो. एक वळण, दुसरं वळण, साडूभाऊ पुढे "वा वा" करत, खाली दरीत धूसर सातपुडा, मीही वा वा करत, आणि कुठे थांबायचं हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. चारेक किलोमीटर खाली आल्यावर थांबलो. काड्या दोनच. उतारावर बॅटरी भरते ते वेगळ्या मोटरीत, आमच्या चाकातली गिअरवाली, तिच्यात फ्रीव्हील असतं, उतारावर चाक मोटरला ओळखसुद्धा दाखवत नाही.

सूर्यास्त चांगला होता. पाच मिनिटं.

वर निघालो तशी पहिल्या वळणावर एक काडी गेली. साडूभाऊंचं वजन ९२ किलो, सायकल २४, आणि त्यांना ओढायला २५० वॅट, म्हणजे आमच्या घरच्या मिक्सरच्या निम्मी ताकद. सायकल माणसाच्या चालीने चालायला लागली, मग घुं घुं असा आवाज, मग तोही नाही. मी हात लावून पाहिलं तर चाकाचा मधला भाग भाकरीच्या तव्यासारखा. थोड्या वेळाने माझीही गेली. बंद पडलेली इलेक्ट्रिक सायकल चढावर ढकलणं म्हणजे रुसलेली म्हैस पाण्यातून काढणं, फरक एवढाच की म्हशीचं शेपूट पिरगाळता येतं. मोबाईलला रेंज नाही. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक आजी मागून आली, आमच्या बाजूने गेली, पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. तिने एकदाही श्वास घ्यायला थांबून पाहिलं नाही. आम्ही प्रत्येक दगडावर बसत होतो. एक पोरगा मोटरसायकलवर वर चालला होता, त्याला म्हटलं तलावाजवळ पांढरी मोठी गाडी आहे, तिथे सांग माणसं घाटात आहेत. तो म्हणाला, सायकली बिघडल्या? साडूभाऊ म्हणाले, नाही, डिस्चार्ज झाल्या. पोरगा म्हणाला, म्हंजे बिघडल्याच ना.

पूर्ण अंधार झाल्यावर वरून दोन हेडलाईट आले. घर आलं होतं. मेहुणी ड्रायव्हिंगला, आमची ही शेजारी, छप्पर गुंडाळलेलं, ठोकळे काढलेले, खुर्च्या आत. ती काच खाली करून म्हणाली, "थांबा, इथे वळत नाही," आणि तशीच खाली निघून गेली. अर्ध्या तासाने वळून परत आली.

गाडीत चढलो तर आत लाईट चालू, फ्रीज चालू, आणि हिने पातेल्यातून चहा ओतला. चांगला दुधाचा.

"दूध कुठून आणलं?"

"दुकानातून. गाडी घेऊन गेलो. तुम्ही येईनात, म्हटलं कोण वाट बघणार."

"आणि लाईट?"

हिने मेहुणीकडे पाहिलं. मेहुणी म्हणाली, "दाजी, भरताला पऱ्हाट्या पाहिजेत म्हणून मी साडेचारला वर चढले. तुमची मोळी काढली तर खाली सोलरची प्लेट. इंजिन चालू झाल्यावर बाकीचं भरलं, पण दोन दिवस ती बिचारी काटक्यांखाली झोपलेली होती."

साडूभाऊ काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुण्याच्या गाड्यांबद्दल जेवढं बोललो होतो ते एकेक शब्दाने परत माझ्या कानात आलं.

भरीत त्या रात्री दहाला झालं. पऱ्हाट्या कडक वाळलेल्या होत्या, दोन दिवसांचं ऊन सगळं त्यांनीच खाल्लं होतं, वांगी अशी भाजली गेली की बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचताना नुसता धुराचा वास. कळण्याच्या भाकरीबरोबर साडूभाऊंनी चार वेळा घेतलं, तेव्हा कुठे माझ्याशी बोलले.

परतताना सारंगखेड्याच्या आधी मी सायकलींवर ताडपत्री टाकली. बाबा त्याच कोपऱ्यावर बसले होते. गाडी गर्दीत थांबली तसे साडूभाऊ खाली उतरले आणि बराच वेळ आलेच नाहीत. घोड्याचा भाव विचारत होतो म्हणाले, नुसताच.